खालच्या वाडीची अकरा जनावरं

१

श्रावणातल्या त्या सोमवारी तांबळवाडीत पहिली म्हैस मेली, तेव्हा लोकांनी देवीला नारळ दिला. गुरुवारी सकाळी अकरावं जनावर गेलं, तेव्हा लोकांनी देवीचा नाद सोडला आणि गुन्हेगार शोधायला घेतला. गुन्हेगार सापडायलाही वेळ लागला नाही. पंचवीस वर्षांची, एकटी, कंत्राटी नोकरीतली मुलगी गावात असताना गावाला फार लांब शोधावं लागत नाही.

तिचं नाव समीक्षा. जनावरांच्या दवाखान्यात ती लस टोचायचं काम करायची.

जयगडच्या बंदराकडे जाणारे ट्रक जिथे वळतात, तिथून खाली उतरलं की तांबळवाडी. वरची वाडी कातळावर, खालची खाडीलगत. रोग घटसर्पाचा होता. सकाळी जनावराने वैरणीला तोंड लावायचं नाही, दुपारी घसा सुजायचा, संध्याकाळी श्वास घरघरायचा आणि दिवेलागणीला मालक गोठ्याचं दार ओढून घ्यायचा. पण रोगाचं नवल कुणालाच नव्हतं. नवल वेगळ्याच गोष्टीचं होतं. मेलेल्या अकराही जनावरांना मे महिन्यात घटसर्पाची लस टोचलेली होती, आणि अकराही खालच्या वाडीतली होती. वरच्या वाडीतल्या पस्तीस जनावरांना त्याच दिवशी, त्याच हाताने, तीच लस टोचली होती. तिथे एक वासरू साधं शिंकलंदेखील नव्हतं.

"पाणी टोचलंन आमच्या गुरांना!" येसूबाई दवाखान्याच्या पायरीवर उभी राहून ओरडत होती. येसूबाई मासे विकायची. तिचा आवाज खाडीपलीकडे ऐकू जायचा. वारा बरा असेल तर त्याच्याही पुढे. तिची दुभती गाय चांदी बुधवारी गेली होती. "वरच्यांना लस आणि आम्हांला पाणी! खरी लस विकलीन कुठे ती सांगू दे आधी. ज्याने माझी चांदी मारली त्याचं नाव मला सांगा. कोयती आहे माझ्याकडे."

आत समीक्षा भिंतीला टेकून बसली होती. तिच्याशेजारी तिची मावशी मालन. मालनने उपकेंद्रात एकतीस वर्षं नर्स म्हणून काढली होती. निम्म्या गावाच्या दंडावर तिच्या सुईची खूण होती, त्यामुळे निवृत्तीनंतरही लोक तिच्यापासून दोन हात लांबूनच बोलत.

"मावशी, मी पाणी नाही टोचलं."

"ठाऊक आहे. पाणी टोचायचं तर आधी बाटली रिकामी करा, मग भरा. तुला एवढा उरक कुठला?"

समीक्षा हसली नाही. "उद्या चारला देवळात सभा आहे. पोलिसांत तक्रार द्यायचं ठरतंय. आणि मावशी, तालुक्याहून परवा नवीन लस येणार, ती फक्त दोन बाटल्या. चाळीस जनावरांपुरती. सरपंच म्हणतात, निम्मी वरच्या वाडीला."

सरपंच वरच्या वाडीचे होते. खालच्या वाडीत अडतीस जनावरं अजून उभी होती. अडतीस जनावरं, आणि लस विसांपुरती.

बाहेर कुणीतरी पळत आलं. घाग्यांच्या पाड्याने वैरण सोडली होती.

२

पाच वर्षांपूर्वी लस टोचायला कुणी आलं की तांबळवाडी म्हशी रानात हाकून द्यायची. टोचलं की दूध आटतं, अशी पक्की समजूत होती. मग शेजारच्या गावात घटसर्पाने गोठे धुऊन नेले, सावर्ड्याकडे दुधाचे मोठे गोठे उभे राहिले, आणि लसीला एकाएकी प्रतिष्ठा आली. आता लोक पहाटेपासून रांग लावत, वशिला लावत, एकमेकांची जनावरं रांगेतून मागे ढकलत. तालुक्याहून मात्र पूर्वी यायच्या तेवढ्याच बाटल्या येत. मे महिन्यात आल्या त्या पाच.

पाचही बाटल्या एकाच खोक्यातल्या, एकाच तारखेच्या. समीक्षाची वही स्वच्छ होती: अठ्ठावीस मेला सकाळी वरच्या वाडीत पहिल्या दोन बाटल्या, दुपारी खालच्या वाडीत उरलेल्या तीन.

"म्हणजे वाडीचा प्रश्न नाही," मालन पुटपुटली. "बाटलीचा आहे."

दवाखान्यात डॉक्टरांची जागा दोन वर्षं रिकामी होती. ज्यांच्याकडे कारभार होता त्यांच्याकडे आणखी तीन दवाखाने होते, त्यामुळे ते बुधवारी येत, आणि पाऊस नसेल तरच. रोजचा दवाखाना चालवायचा तो परिचर गुरुप्रसाद. किल्ली त्याच्याकडे, फ्रिज त्याच्याकडे, आणि फ्रिजवरचा तक्ताही त्याच्याकडे. लस दोन ते आठ अंशांत राहावी लागते; म्हणून सकाळ-संध्याकाळ आकडा लिहायचा.

"पंचवीस मेला वादळ झालं होतं ना रे?" मालनने विचारलं.

"झालं होतं की, सिस्टर. फणस पडला तारेवर."

"लाइट गेली असेल."

"गावात गेली. आपल्याकडे नाय. दवाखाना वेगळ्या लाइनीवर आहे." गुरुप्रसाद तिच्याकडे न बघता टेबल पुसत होता. ते टेबल त्याने पुसलेलं आजवर कुणी पाहिलं नव्हतं.

मालनने तक्त्यावर बोट फिरवलं. पंचवीस: चार, चार. सव्वीस: चार, चार. सत्तावीस: चार, चार. एकाच पेनाने, एकाच बैठकीत. बाकीच्या दिवशी साडेतीन होतं, पाच होतं, एकदा सात होतं. खरा फ्रिज इतका सज्जन नसतो. हे तिला कळलं, कारण एकतीस वर्षांत तिनेही असे काही चार लिहिले होते. तेव्हा वरिष्ठ खूश झाले होते. मेलं मात्र कुणी नव्हतं.

"समीक्षा तेव्हा इथं होती?"

"रत्नागिरीला परीक्षेला गेली होती. अठ्ठावीसला सकाळी आली."

"बरं," मालन म्हणाली आणि निघाली. दारातून मागे पाहिलं, तेव्हा गुरुप्रसाद तोच कोपरा पुसत होता.

३

शुक्रवारी सकाळी ती अस्लमच्या पडवीत बसली होती. अस्लम बावीस वर्षं बोटीवर खानसामा होता. निवृत्त झाल्यावर त्याने दोन म्हशी घेतल्या. दोन्ही मंगळवारी गेल्या. तरी त्याने चहा केलाच.

"पोरीवर माझा संशय नाय, सिस्टर," तो म्हणाला. "माझी म्हैस टोचताना तीच रडत होती. चोर इतकं रडत नाय."

"मग कोण?"

"विनीतला विचारा. लाइट नव्हती तेव्हा तो इथं आला होता. थर्मोकोलचा डबा घेऊन दवाखान्यात शिरताना मी पाहिला."

विनीतचं सावर्ड्याला जनावरांच्या औषधांचं दुकान होतं. दर शुक्रवारी तो पेंडीचा टेम्पो घेऊन यायचा. टेम्पो आला तसा अस्लम त्याच्या समोर जाऊन उभा राहिला आणि चहाचा कप हातातच धरून म्हणाला, "उतर. सिस्टरला बोलायचंय."

विनीत उतरला. गोरा, घामट आणि अतिशय नम्र. "मालनताई, मी काय चोरी केली नाही हां."

"चोरीचं कुणी म्हटलं?"

"सगळे तेच म्हणतायत. अहो, लसीसाठी माझ्या दुकानात माणसं माझ्याआधी येऊन बसतात. कंपनी पाठवते दहा, मागणी शंभराची. म्हटलं, सरकारी दवाखान्यात शिल्लक असेल तर गोडीत मिळते का बघू. सव्वीसला आलो होतो."

"मिळाली?"

"कुठली! गुरुप्रसादने मला फ्रिज उघडून दाखवला. आत दोन लिंबं आणि त्याचा डबा. म्हणाला, बघ, लाइट नाही, लस इथं नाहीच. रिकामा डबा घेऊन आलो तसाच गेलो."

मालनने अस्लमकडे पाहिलं. अस्लमने कप खाली ठेवला.

सव्वीस तारखेला फ्रिज बंद होता आणि लस त्यात नव्हती. तक्ता म्हणत होता, चार अंश. मग दोन दिवस पाच बाटल्या होत्या कुठे?

४

दवाखान्यामागे एक खड्डा होता. रिकाम्या बाटल्या त्यात टाकून माती ढकलायची, असा नियम. टाकण्यापर्यंतचा नियम गुरुप्रसाद पाळायचा.

अस्लमने काठीने उकरून तीन बाटल्या वर काढल्या. एकीवरचं लेबल कोरं करकरीत होतं. बाकी दोन बाटल्यांवरची लेबलं भिजून सुरकुतलेली. कधीतरी सुटली असावीत, कारण वरून चिकटपट्टी मारून बसवली होती. मालनने चष्मा सारखा केला. एका चिकटपट्टीच्या आत, लेबलाच्या कडेला, गुलाबी झाक असलेला एक पातळ गोल तुकडा अडकला होता.

अस्लमने तो नखाने टोचून पाहिला. "तांबोशी," तो म्हणाला. "तांबोशीचा खवला आहे हा."

"बर्फाच्या पेटीत होती लस. माशांच्या."

"मग त्यात काय बिघडलं? बर्फात गार राहिली असणार."

तोच प्रश्न मालनलाही पडला होता. लस गोठली की मरते, हे तिने शेकडो आयांसमोर पाठ म्हटलं होतं. लहान मुलांची त्रिगुणी लस गोठली की तिच्यातला पांढरा साका फुटतो, बाटली हलवून ठेवली की तो भराभर तळाला बसतो आणि वर पाणी दिसायला लागतं. पण साध्या बर्फात लस गोठत नाही. गार होते, एवढंच. वितळता बर्फ शून्याच्या खाली जात नाही.

"अस्लमभाय, बोटीवर आइस्क्रीम करायचास का रे तू?"

"कप्तानाच्या वाढदिवसाला. पॉटमध्ये. का?"

"पॉटच्या भोवती बर्फ भरायचास, तेव्हा दूध गोठायचं कशानं?"

"नुसत्या बर्फानं नाय गोठत. बर्फात मीठ मारायचं. मूठ मूठ. मग असा गारठा पडतो की—"

तो थांबला. त्याने हातातली काठी खाली ठेवली.

"गावात बर्फाच्या पेट्या वीस असतील," मालन हळूच म्हणाली. "इथल्या इथं मासे विकणारे नुसता बर्फ वापरतात. मीठ कोण घालतं?"

"जिचे मासे सकाळच्या गाडीने सावर्ड्याला जातात ती. पोचेपर्यंत मासे कडक राहायला नकोत?" अस्लमने मान खाली घातली. "एकच बाई आहे, सिस्टर. आणि तिचीही गाय गेली आहे."

५

गुरुप्रसाद गोदामात सापडला. मालनने चिकटपट्टीची बाटली त्याच्यापुढे ठेवली. नर्सच्या नोकरीत तिला एवढी एक गोष्ट नीट समजली होती: सुई दाखवली की माणूस आपणहून बोलतो.

"मी काय करणार होतो, सिस्टर?" तो खाली बसला. "लाइट दोन दिवस नाय. समीक्षाची लसपेटी लहान, तिच्यात दोनच बाटल्या मावल्या. तीन उरल्या. शेजारी येसूबाय. म्हटलं, मावशे, बर्फात ठेवशील? ती म्हणाली, ठेवते, माझ्या माशांपेक्षा जपून ठेवते. सत्तावीसच्या संध्याकाळी लाइट आली तेव्हा आणल्या. दगडासारख्या झाल्या होत्या. मी म्हटलं, बरं झालं, चांगल्या गार राहिल्या. लसपेटीतल्या दोन तशाच होत्या, सकाळी समीक्षा त्याच आधी वरच्या वाडीत घेऊन गेली."

"आणि समीक्षाला सांगितलं नाहीस."

"नोकरी जाईल म्हणून. येसूबायलाही म्हटलं, कुठं बोलू नको. तिला काय, तिने उपकारच केले होते माझ्यावर." त्याने मालनचे हात धरले. "माझं नाव सांगा सभेत. तिचं सांगू नका. घाग्यांनी कालच बोलून दाखवलंय, ज्याने केलं त्याचं घर राहणार नाय. तिला जगू देणार नाहीत."

येसूबाईची दोन्ही बाळंतपणं मालनने केली होती. तिने बाटली उचलून पिशवीत टाकली.

"नाव नाही घेणार," ती म्हणाली. "पण तू उठून बोलायचंस. नाहीतर पोरगी तुरुंगात, आणि लस वरच्या वाडीत."

उघडलेल्या बाटलीत उरलेली लस फेकायची असते. ती फेकायचाही गुरुप्रसादने आळस केला होता, आणि आयुष्यात प्रथमच त्याचा आळस कुणाच्या तरी उपयोगी पडला. फ्रिजच्या खालच्या खणात लिंबांमागे दोन अर्धवट बाटल्या होत्या. एक कोऱ्या लेबलाची, वरच्या वाडीची; एक चिकटपट्टीची, खालच्या वाडीची.

६

चार वाजता देऊळ भरलं होतं. समीक्षा खांबाशी उभी होती. तिच्या भोवती कुणी बसलं नव्हतं, सतरंजीवर तेवढी जागा मोकळी राहिली होती. घाग्यांचा पाडा दुपारी गेला होता. ते बारावं जनावर. घागे कोयता घेऊनच बसले होते. गवत कापून थेट आलो, असं म्हणत होते.

मालनने दोन्ही बाटल्या हलवून स्टुलावर ठेवल्या.

"बघत बसा," ती म्हणाली. "अर्धा तास."

तांबळवाडीच्या सभेत अर्धा तास कुणी गप्प बसल्याची नोंद नाही. पण त्या दिवशी बसले. डावीकडची बाटली दुधासारखी पांढरी राहिली. उजवीकडच्या बाटलीत बारीक कण लोंबायला लागले, खाली उतरले, आणि वरून हळूहळू स्वच्छ पाणी निवळत आलं. मागच्या रांगेत कुणीतरी देवाचं नाव घेतलं.

"डावी वरच्या वाडीची. उजवी तुमची," मालन म्हणाली. "पोरीने पाणी टोचलं नाही. मेलेली लस टोचली, आणि ती मेली आहे हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. वरच्या वाडीच्या गुरांना लस लागू झाली आहे. नवीन बाटल्या खालच्या वाडीला हव्यात. अडतीस होती, आता सदतीस आहेत."

गुरुप्रसाद उठला. त्याने सगळं सांगितलं. फक्त बर्फ कुणाचा, ते सांगितलं नाही.

सरपंच हसले. "नर्सबाय, बर्फाने लस मरते होय? लस बर्फातच आणतात की! भाचीला वाचवायला मावशी काहीही सांगेल."

लोकांत कुजबुज झाली. सरपंचांचं खरं वाटण्यासारखं होतं. लस बर्फातून येताना सगळ्यांनीच पाहिली होती. मालनने तोंड उघडलं आणि मिटलं. पुढचं सांगायचं तर मीठ सांगावं लागणार होतं.

"नुसत्या बर्फाने नाय मरत," अस्लम मागून म्हणाला. "बर्फात मीठ असेल तर मरते. मिठाने बर्फ जास्त गार होतो."

"बर्फात मीठ?" सरपंचांनी हात पसरले. "मासे खारवतात का बर्फात? कोण घालतं बर्फात मीठ?"

"कोण म्हणजे?" येसूबाई उसळली. बर्फाविषयीचं अज्ञान तिला आयुष्यभर सहन झालं नव्हतं. "मी घालते! मीठ मारल्याशिवाय बर्फाला गारठा येतो होय? सावर्ड्यापर्यंत पाणी झालं असतं माझ्या माशांचं. त्या बाटल्यांनासुद्धा दोन मुठी जास्तच मारलं मी, म्हटलं औषध आहे, जपून—"

ती तिथेच थांबली.

येसूबाई स्टुलावरच्या उजव्या बाटलीकडे बघत राहिली. ओठ हलत होते. ती मोजत होती असं मालनला वाटलं. मग ती उठली, पदर सारखा केला आणि कुणाच्याही अंगाला न लागता बाहेर गेली. एवढ्या दाटीत तिला वाट कशी मिळाली, हे बघायला नको होतं. लोक पाय आत ओढून घेत होते.

घागेही उठले. कोयता हातात होता. अस्लम दारात आडवा उभा राहिला आणि शांतपणे म्हणाला, "भाऊ, माझ्या दोन गेल्या. मी बसलोय. तूही बस."

घागे बसले. पण कोयता त्यांनी खाली ठेवला नाही.

७

शनिवारी दोन्ही बाटल्या खालच्या वाडीत आल्या. समीक्षाने सदतीस जनावरं टोचली. माफी मागायची पद्धत तांबळवाडीत नव्हती. त्याऐवजी तीन घरांतून तिच्याकडे परसातली तवसं आली, हाताएवढाल्या काकड्या. ती कुठल्याही घरात पाणी प्यायला थांबली नाही. लस अंगात मुरायला दोन आठवडे लागतात, हे तिने प्रत्येक गोठ्यात सांगितलं, आणि प्रत्येक गोठ्यात लोकांनी मान हलवून पुन्हा जनावराच्या घशाकडे पाहिलं.

दुपारी मालन अस्लमच्या पडवीत होती. समीक्षा हात धुऊन येऊन टेकली.

"येसूमावशीने मला थांबवलं," ती म्हणाली. "म्हणाली, तुझ्या वहीत असेल कुणाकुणाचं गेलं ते. वाच. मी वाचलं. तिने दोनदा वाचायला लावलं."

"मग?"

समीक्षाने वाटेकडे बोट केलं.

येसूबाई येत होती. डोक्यावर टोपली नव्हती, त्यामुळे ती नेहमीपेक्षा बुटकी दिसत होती. ती पडवीच्या खाली, चिखलातच उभी राहिली.

"अस्लम," ती म्हणाली, आणि पुढचं वाक्य तिला येईना. तांबळवाडीतल्या सगळ्यात मोठ्या आवाजाला.

अस्लमचं रिकाम्या गोठ्याकडे बघून झालं, पावसाकडे बघून झालं. मग त्याने विचारलं, "पहिल्यांदा माझ्याकडेच आलीस?"

"हां. तुझ्या दोन."

"पुढचं घर कुणाचं?"

"घाग्यांचं."

अस्लमने खुंटीवरची छत्री काढली. "तिथं एकटी जायचं नाय," तो म्हणाला, "मी येतो." तो पायऱ्या उतरला. मालन उठली, तिच्या मागून समीक्षा.

चौघं वाटेला लागली. येसूबाई पुढे होती. समोर, वाडीच्या टोकापर्यंत, त्यांना येताना पाहून एकेक दार लागत चाललं होतं. घाग्यांचं तेवढं उघडं होतं.